दाब, धर, सोड

सुवर्णा विधातेने उभ्या जन्मात एकदाही गाडी चालवली नाही. पण ड्रायव्हरच्या सीटवर तिचे जितके रविवार गेले, तितके एखाद्या पट्टीच्या ड्रायव्हरचेही गेले नसतील. गाडी म्हणजे सत्तावन्न सालची डुक्कर फियाट, सातपूर कॉलनीतल्या त्यांच्या घरापुढच्या अंगणात कायमची वस्तीला आलेली. नवरा जयराम बॉनेटमध्ये डोकं घालून नाहीतर चाकाशी उकिडवा, आणि सुवर्णा आत, स्टिअरिंगमागे. बाहेरून हुकूम यायचा, "दाब." ती ब्रेकचं पेडल दाबायची. "धर." धरून ठेवायची. "सोड." सोडायची. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती अशीच काढावी लागते, एकाने आत बसून आणि एकाने बाहेर. मांडीवर परात, परातीत मेथीची जुडी, पाय ब्रेकवर. एका चाकाची हवा निघेपर्यंत एक जुडी निवडून व्हायची. सोमवारच्या डब्यांची भाजी अशी गाडीत बसून तयार व्हायची आणि ती खाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

डबे करणं हा तिचा उद्योग. कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणारी सात सडीफटिंग माणसं तिच्याकडून डबा न्यायची, म्हणून रोज पहाटे चारला उठणं. सहाच्या आत तीस-पस्तीस चपात्या, दोन भाज्या, आमटी. मग घरातलं, मग भांडी, मग दुपारी नळाला पाणी येईल त्याची वाट बघणं, मग पुन्हा दुसऱ्या दिवसाचं निवडणं-टिपणं. रविवारी डबे बंद. रविवारी बाईमाणसाने तासभर पाठ टेकावी अशी सोय देवाने केली असेलही, पण विधात्यांच्या घरी रविवारी गाडी होती.

ही गाडी त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. जयरामचे वडील गोटीराम, घरातले आप्पा, देवळाली कॅम्पात एका डॉक्टरांकडे अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टर गेले, डॉक्टरीणबाई पुण्याला लेकाकडे निघाल्या, आणि निघताना गाडीची किल्ली त्यांनी गोटीरामच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने बंगल्यामागच्या खोलीत राहून ती गाडी लेकरासारखी सांभाळली. गोटीरामचा कान मोठा तिखट. रस्त्याने लष्कराचा ट्रक गेला की खाटेवर पडल्या पडल्या सांगायचा, याचा सायलेन्सर फुटलाय, याच्या गिअरबॉक्सात तेल नाही. त्र्याण्णव साली तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याचं एकच टुमणं होतं. नात सविता तेव्हा दहा वर्षांची. तिची पाठवणी या गाडीतून करायची, भाड्याची गाडी आणायची नाही. जयराम मान डोलवून मोकळा झाला आणि तेराव्यानंतर गाडी सातपूरला घेऊन आला.

अंगणात ऊन लागणारी जागा एकच होती. सुवर्णा मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांची लेक, हाताला झेंडू-गुलाबाची सवय. लग्नानंतर बारा वर्षं सासर-नोकरी-भाड्याची खोली करत करत हे घर झालं, तेव्हा त्या जागेत तिने मोगऱ्याची चार रोपं लावली होती. त्यांच्यावर गाडी उभी राहिली. जयरामने रोपं काढून कुंड्यांत लावून दिली, अगदी काळजीने लावली, पण कुंड्या ठेवल्या मागच्या बोळात. तिथे ऊन नव्हतं. मोगरा दोन वर्षं नुसता पानांवर जगला आणि मग तेवढंही त्याला झेपेना. बोलून थकायचं की न बोलता थकायचं, एवढीच निवड सुवर्णाच्या हातात होती आणि तिने स्वस्तातलं निवडलं.

जुनी गाडी पाळणं म्हणजे काय, हे ज्याने पाळली त्यालाच ठाऊक. आज चोक अडकला, उद्या पॉइंट काळे पडले, परवा रेडिएटर गळतोय. जयराम सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये फिटर, हाताचा हुशार. कार्ब्युरेटर खोलून त्याचे तुकडे रॉकेलच्या ताटलीत मांडायचा, आणि ती ताटली दर खेपेला स्वयंपाकघरातली असायची. बापाचा कान त्याच्याकडे आला होता. कारखान्यात एखाद्या प्रेसचा आवाज बदलला की साहेब म्हणायचे, जयरामला बोलवा. घरी तो एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. तेव्हा आतून सुवर्णाने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात चालवायचं. याला रेस देणं म्हणतात. "दे रेस. धर. सोड." आणि दर खेपेला बॉनेटच्या कडेने मान बाहेर काढून तो तिच्याकडे बघायचा. नीट दाबते की नाही यावर नजर ठेवतोय, असं तिला वाटायचं. इतक्या वर्षांत पायाने पेडल दाबण्याएवढाही आपल्यावर भरवसा नाही, या विचाराने तिला दर रविवारी नव्याने राग यायचा.

शहाण्णवच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की स्क्रूड्रायव्हरची मूठ आता कानामागे जात नाही. जयराम ती दातांत धरतोय.

"हे काय नवीन?" तिने विचारलं.

"दातांना जास्त कळतं," तो म्हणाला.

तिला ते पटलं. यंत्रातलं तिला काय ठाऊक! मग एकदा कुकर लावून ती शेजारी गेली आणि त्याला सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. परत आली तर घरभर करपल्याचा वास आणि हा कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेला. "अगं, शिट्टी झालीच नाय," तो म्हणाला, आणि अगदी खरं बोलतोय असा त्याचा चेहरा होता. शेजारी तिने स्वतः सात शिट्ट्या मोजल्या होत्या. पत्र्यावर दणादण आदळणाऱ्या प्रेसपाशी माणूस पंधरा वर्षं उभा राहिला होता, कानात कापसाचे बोळे घालायला लाज वाटते म्हणून ते खिशात ठेवून.

तिने सरळ विषय काढला. डॉक्टरला कान दाखवू, म्हणाली. जयरामने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला ते एवढंच, "माझ्या कानाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाय." तिने काढलं नाही. त्याच्याऐवजी ती कामाला लागली. दारावर कोण आलं ते तीच बघायची, फोन तीच घ्यायची, पाहुणे काही बोलले की तेच वाक्य आपल्याला पटल्यासारखं मोठ्याने पुन्हा म्हणायची, म्हणजे त्याला ऐकू जावं. दिवसभरात शंभर वाक्यं दोनदा बोलायची आणि पहाटे चारला उठायचं. माणूस यानेही थकतो. कुणाला सांगता येत नाही म्हणून आणखी थकतो.

अशी आठ वर्षं गेली. दोन हजार चार साली सविताचं लग्न ठरलं. मुलगा मयूर, सिन्नरचा, तिथल्याच वसाहतीत नोकरीला. मंडळी साधी, तिथी वैशाखातली. जयरामच्या अंगात वारं शिरलं. पाळी करून घरी आला की चहासुद्धा अंगणात घ्यायचा. गाडीला रंग मारला, सीटच्या गवसण्या बदलल्या, बम्पर चिंचेने घासून लख्ख केला. "आप्पांची गाडी सिन्नरला जाणार," हे तो कॉलनीतल्या प्रत्येकाला ओरडून सांगत होता. ओरडून, कारण आता तो सगळंच ओरडून सांगायचा.

आणि त्याच फाल्गुनात, एका रविवारी रेस देऊन सोडताना, सुवर्णाला तो आवाज ऐकू आला.

इंजिनाच्या वरच्या अंगाला वाजणारी टॅपेटची टिकटिक तिच्या ओळखीची होती. हा तो आवाज नव्हता. हा खालून येत होता, जड, बंद दारावर कुणीतरी मुठीने ठोठावल्यासारखा. रेस चालू असेपर्यंत काही नाही, सोडली की ठक ठक ठक, मग बंद. तिने पुन्हा दिली, पुन्हा सोडली. ठक ठक ठक. बॉनेटच्या कडेने जयरामची मान बाहेर आली. दातांत स्क्रूड्रायव्हर, डोळे तिच्यावर. त्याला काही ऐकू आलेलं नव्हतं, हे तिला लख्ख दिसलं.

काय बोलावं? आवाज येतोय म्हणावं तर तो विचारणार, कुठला आवाज? मग तो दातांनी शोधणार, त्याला सापडणार नाही, आणि लेकीच्या लग्नाच्या तोंडावर त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार की मला ऐकू येत नाही. तेही बापाच्या गाडीपाशी. तिला आठ दिवसांचा तो अबोला आठवला. तिने चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट केला आणि मेथी निवडायला घेतली. जयराम समाधानाने बॉनेटमागे गेला.

सहा रविवार तिने असा चेहरा ठेवला. आवाज वाढत होता. पहाटे चपात्या लाटताना तिच्या डोळ्यांपुढे मोहदरी घाट यायचा. नाशिकहून सिन्नरला जायचं तर तो चढावाच लागतो. घाटात मध्येच गाडी दणका देऊन बसलीय, शालू नेसलेली सविता रस्त्याच्या कडेला उभी आहे, मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या जीपमधून सगळे उतरून बघतायत, आणि जयराम बॉनेट उघडून आपला दातांत स्क्रूड्रायव्हर धरून उभा. लोक हसतील, ते एक वेळ चालेल. पण त्या दिवसानंतर या माणसाचं काय होईल, ते तिला बघायचं नव्हतं. बोलावं तरी त्याचं मन मोडणार, न बोलावं तरी मोडणार. तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि लग्नाच्या पत्रिका वाटायच्या अजून राहिल्या होत्या.

शेवटी तिने मंगळू मिस्त्रीला गाठलं. पेठकडचा माणूस, वीस वर्षांपासून कॉलनीच्या नाक्यावर त्याचं गॅरेज. जयराम पहिल्या पाळीला गेलेला असताना, सकाळी दहाला, तिने त्याला घरी आणलं. त्याने नुसतं बघून द्यावं आणि मग एखाद्या दिवशी सहज रस्त्याने जाताना कानावर पडल्यासारखं जयरामला सांगावं, असा तिचा डाव होता. गाडी सुरू करून दिल्यावर ती सवयीने ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"वहिनी, तुमी कशाला बसता?" मंगळू म्हणाला. "उतरा खाली."

"रेस कोण देणार?"

बॉनेटमध्ये हात घालून मंगळूने कार्ब्युरेटरपाशी एक दांडी बोटाने ओढली. इंजिन जोरात गरजलं. बोट सोडलं, ठक ठक ठक. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली.

"बेअरिंग गेलंय खालचं," तो म्हणाला. "दादाला कसं कळलं नाय? लय दिवसांचं हाय हे. घाटात नेऊ नका, इंजिन फुटंल."

सुवर्णाने ते ऐकलं, पण तिची नजर त्याच्या बोटावर होती.

"रेस अशी हाताने देता येते?"

"मंग! आमी कायम अशीच देतो."

"आत कुणी बसावं लागत नाय?"

"ब्रेकची हवा काढायची आसंल तर लागतं वहिनी. रेसला कशाला माणूस अडकवायचं?"

मंगळू चहा पिऊन गेला. सुवर्णा ओट्याशी उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं! ब्रेकची हवा वर्षातून दोनदा काढायची, आणि रेस दर रविवारी. तासन् तास. उन्हाळ्यात ती गाडी भट्टीसारखी तापायची. कंबर धरली तरी, अंगात ताप असला तरी, एकदा तर तिच्या आईच्या वर्षश्राद्धाहून आली त्याच संध्याकाळी, "जरा बसतेस का गं?" आणि एका बोटाचं काम होतं ते! फिटरला हे ठाऊक नसेल? पोरंटोरं सांगतील. तिने भांडी घासली ती अशी की शेजारच्या कमळाबाई डोकावून गेल्या. बेअरिंगचं तिला काही वाटेना, घाटाचंही वाटेना. आपले गेलेले रविवार तेवढे दिसत होते.

साडेतीनला पाळी सुटली, चारला जयराम सायकल भिंतीला लावत होता. तिने पाणीसुद्धा दिलं नाही. त्याच्या पुढ्यात उभी राहिली, सरळ तोंडासमोर, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

"बेअरिंग गेलंय गाडीचं. मंगळू मिस्त्री सांगून गेला. मला दीड महिन्यापासून ऐकू येतंय." एवढं बोलून ती थांबली नाही. "आणि रेस हाताने देता येते. तुमाला ठाऊक होतं. मंग अकरा वर्षं मला आत कशाला बसवलं?"

जयराम दाराच्या पायरीवर बसला. त्याने बुटाची नाडी सोडायला घेतली. तिला वाटलं, आता फडकं आपटणार.

"तुझं तोंड बघायला," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. कित्येक वर्षांत तो पहिल्यांदाच हळू बोलला होता.

"पहिल्या-दुसऱ्या वर्षी रेस द्यायलाच बसवायचो. एकट्याला दोन्ही जमत नव्हतं. मग एकदा मला काय ऐकू आलं नाय, पण तुझ्या तोंडावर दिसलं. खोलून बघितलं तर खरंच बिघाड. तवापासून." तो तिच्याकडे न बघता सांगत होता. "टॅपेट वाजले की तू डोळे बारके करती. सायलेन्सरला भोक पडलं की ओठ मुरडती. पाण्याचा पंप गेला होता ना, तवा मान खांद्यात घेतली होती. दातांना वरवरचं कळतं गं, खालचं नाय कळत. माझे कान कवाच गेलेत. तुझ्या तोंडावरच चालवली एवढी वर्षं गाडी."

सुवर्णा तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर बसली.

"आता दीड महिना दर रविवारी बघत होतो," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर कायपण नव्हतं. मला वाटलं, गाडी एकदम ठीक झाली. आप्पांची कृपा."

म्हणजे त्याला दुखवायचं नाही म्हणून जो चेहरा तिने जपून सपाट ठेवला, त्या चेहऱ्याच्या भरवशावर हा माणूस लेकीला घाटात घेऊन निघाला होता. तिला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्हींना लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं. तेवीस वर्षांच्या संसारात आपल्या तोंडाकडे कुणी इतकं निरखून बघतंय, हे तिला स्वप्नातही आलं नसतं. पण मग एक गोष्ट घशाशी आली ती तिने बोलूनच टाकली.

"एवढं सगळं दिसायचं, तर मी दमते ते नाय दिसलं कवा?"

"दिसायचं की," जयराम म्हणाला. "ते रोजचंच असायचं. ते सोडून बाकीचं बघायचो."

यात आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलेलं नव्हतं. फिटर माणूस, आहे तसं सांगितलं. सुवर्णा उठली आणि तिने त्याच्यासाठी चहा टाकला. राग गेला होता असं नाही. पण एवढा वेळ राग धरायलाही अंगात ताकद लागते.

पुढचे दोन रविवार आणि मधल्या चार संध्याकाळी त्यांनी इंजिनाचं खालचं तेलाचं भांडं उतरवून बेअरिंग बदललं. जयराम गाडीखाली चटई टाकून आडवा, सुवर्णा बाहेर बसून पाने हातात देत. गाडी जोडून झाल्यावर ती आत बसली. या वेळी मेथी घेतली नाही. जयराम बॉनेटच्या कडेला उघडपणे उभा राहिला, लपवाछपवी संपली होती, आणि त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघत स्वतःच्या बोटाने रेस दिली. तिने चेहरा मोकळा सोडला. एकदा नाक जरासं उडालं तर लगेच त्याने इंजिन बंद केलं.

"माशी होती," ती म्हणाली.

लग्न कॉलनीतल्याच मंगल कार्यालयात दुपारी लागलं. चारला पाठवणीची तयारी झाली. झेंडूच्या माळा मखमलाबादहून तिच्या भावाने आणल्या होत्या, फियाट नवरीपेक्षा जास्त सजली होती. मागच्या सीटवर सविता, मयूर आणि पाठराखीण म्हणून चुलतबहीण आशा. सुवर्णाने लेकीच्या ओटीत नारळ घातला, तिला उराशी धरलं, आणि रिवाजाप्रमाणे चार पावलं मागे सरकली. मुलीच्या आईने मांडवातच थांबायचं असतं. तेव्हा जयरामने पुढचं दार उघडलं आणि तिला हाताने खूण केली.

बायकांत कुजबूज उठली. जयरामची आत्या चतुराबाई काठी टेकत पुढे आली. "अरं येड्या, लेकीची आई कवा पाठवणीला जाती का? लोक काय म्हणतील?"

आत्याचं बोलणं त्याला ऐकू गेलं नसावं, पण काय बोलली असेल ते कळायला कान लागत नव्हते.

"ती पाठवणीला येत नाय आत्या," तो मोठ्याने म्हणाला, अगदी मांडवभर ऐकू जाईल असा. "ती गाडीला येतीय. मला ऐकू येत नाय. तिला येतं."

आठ वर्षं जे नाव घरात काढायचं नव्हतं, ते त्याने दोनशे माणसांत काढलं होतं. सुवर्णाने पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

नाशिकरोड मागे पडलं, शिंदे-पळसे मागे पडलं. ती आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या त्या सलग सीटवर डावीकडे बसली होती. गाडी छान चालली होती. खालून तो मुठीचा आवाज नव्हता, टॅपेटची बारीक टिकटिक तेवढी, ती या गाडीला जन्मजात. जयराम एक नजर रस्त्यावर आणि एक तिच्यावर ठेवून चालवत होता. तिने पाठ टेकली. पहाटे अडीचपासून ती उभी होती, गेला महिनाभर उभी होती, आणि आता कुणी काही मागत नव्हतं. घाटाचा चढ लागला. जयरामने गिअर बदलला. मागे सविता नवऱ्याला हलक्या आवाजात सांगत होती, "मी लहान होते ना, तेव्हा आई या गाडीत बसून मेथी निवडायची. मला वाटायचं, गाडी मेथी निवडायलाच असते." मयूर हसला.

सुवर्णाने ते ऐकलं आणि तिच्या तोंडावरचं सगळं सुटलं. हनुवटी थरथरली, कपाळ आक्रसलं, ओठ आवळले तरी वाकडे झाले.

जयरामने तत्काळ गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढून, इंजिन चालूच ठेवून तो उतरला, धावतच पुढे गेला, माळा बाजूला सारून बॉनेट उघडलं आणि तिच्या खिडकीशी आला. चेहरा पांढराफटक.

"कुठं वाजलं? खालीच का?"

तिने मान हलवली. बोलवेना. मग त्याला दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाली, "गाडी नाय वाजली. लेक चालली."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान डोलवून बॉनेट लावायला पुढे गेला. पण बॉनेट लागलं नाही. त्याच्या आड तो उभाच राहिला. काचेतून त्याच्या सदऱ्याचा कोपरा तेवढा दिसत होता, आणि तो हलत होता.

"आई, काय झालं? बाबा काय बघतायत?" सविताने मागून विचारलं. मयूर दार उघडायला निघाला होता.

"काय नाय, बसा तुमी," सुवर्णा म्हणाली. "तपासतायत जरा."

इंजिन नीट चाललं होतं, आणि ते तिला ऐकू येत होतं. तपासण्यासारखं आत काही नव्हतं. ती पदराने तोंड पुसून सरकत सरकत ड्रायव्हरच्या सीटवर गेली, आणि कुणी न सांगता तिने रेस दिली, धरली, सोडली. मग पुन्हा दिली. तो बॉनेट लावेपर्यंत ती देत राहिली.